तालमीला गेलेली ताई आणि स्टॉक-टेकिंगला गेलेले भाऊजी

माझी ताई शारजात रोल्लाला राहते आणि मी दुबईत सिलिकॉन ओएसिसला. पन्नाशी ओलांडल्यावर ताईने माझ्या बिल्डिंगच्या पूलमध्ये पोहायला शिकायचं ठरवलं, तेही भाऊजींना न सांगता. सांगण्यात अर्थच नव्हता. "समुद्र बघायला असतो, आत शिरायला नाही," हे त्यांचं ठाम मत. बीचवर गेलो की ते सगळ्यांच्या चपला, पर्सा आणि टॉवेल घेऊन लांब कोरड्या वाळूत उभे राहायचे. ताईच्या घोट्याला पाणी लागलं रे लागलं की तिथूनच ओरडायचे, "बास! मागे ये! खलास!"

तसं आम्हा दोघी बहिणींचंही पाण्याशी काही नातं नव्हतं. आम्ही अकोल्याच्या. नळाला पाणी आलं की पिंपं भरायची धावपळ, एवढाच आमचा जलविहार. पाण्यात नुसतं पडून राहायचं ही चैन आम्हाला सुचणंही शक्य नव्हतं. पण एकदा माझ्या पूलच्या काठी चहा पिता पिता ताई म्हणाली, "तिकडची ती आजीबाई बघ. माझ्याहून म्हातारी आहे आणि मजेत उताणी पडलीय." दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघींनी शिकवणी लावली.

शिकवणारी फिलिपिनो पोरगी आम्हाला 'आई' या अर्थाने मामा म्हणायची. "ब्रीद, मामा, ब्रीद!" ती ओरडायची, आणि ताई श्वास घेण्याऐवजी तिला मराठीत उत्तर द्यायची. त्यामुळे सुरुवातीला बरंच पाणी पोटात गेलं.

भाऊजींना आम्ही सांगितलं होतं की दुबईतल्या ऊद मेथाला महिला मंडळाच्या नाटकाच्या तालमी चालू आहेत. बहाणा छान होता, पण लांबत गेला. ते विचारू लागले, "किती अंकी नाटक आहे हे?" एकदा म्हणाले, "तालमीहून येतेस तर डोकं ओलं कसं?"

"भूमिकाच तशी आहे," ताई म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

हिवाळा सरत आला तेव्हा आम्हाला दोघींना खोल पाण्यात बिनधास्त तरंगता येऊ लागलं. मास्क आणि स्नॉर्कलची नळी लावून तोंडाने श्वास घेणंही जमलं. मग ताईला पूल पुरेना. "खाली नुसत्या निळ्या टाइल्स," ती कुरकुरली, "मासा कुठाय?" माझ्या लेकीने मोबाइलवर पूर्व किनाऱ्यावरच्या खोरफक्कानची एक छोटी बोट बुक करून दिली. डोंगराच्या कुशीत एक किनारा आहे, तिथे रस्ता जात नाही, फक्त बोट जाते, असं तिने फोटो दाखवून सांगितलं. वर म्हणाली, "मॉम, यू टू आर वर्स दॅन टीनेजर्स."

ठरलेल्या शनिवारी तालमीचं कारण सांगावंच लागलं नाही. भाऊजीच आदल्या दिवशी म्हणाले, "उद्या मला कंपनीत जावं लागेल. स्टॉक-टेकिंग आहे. दिवसभर वेअरहाउसमध्ये उभं राहायचं, काय करणार!" ताईला इतकी दया आली की तिने पहाटे उठून त्यांना डबा करून दिला. नंतर आमच्यासाठी थालीपिठं लावली.

डोंगरातले बोगदे पार करून आम्ही पलीकडच्या किनाऱ्यावर उतरलो. नावाडी मल्याळी होता, गप्प पण हसरा. "यल्ला, सिस्टर," म्हणत त्याने दोघींना हात धरून बोटीत घेतलं. बंदर मागे पडलं. उघडेबोडके तपकिरी डोंगर थेट पाण्यात उतरले होते. एका सुळक्याला वळसा घातला आणि समोर तो किनारा आला. जेमतेम एका हॉलएवढी वाळू, तिन्ही बाजूंनी खडक, आणि पाणी इतकं स्वच्छ की बोटीची सावली तळावर दिसत होती.

नावाड्याने मास्क हातात दिले आणि सांगितलं की काचेवर आतून थुंकायचं, मग पुसायचं, म्हणजे धुकं धरत नाही.

"थुंकायचं? आणि मग तेच तोंडावर लावायचं?" ताई म्हणाली. पण ती थुंकली. मनापासून थुंकली.

आम्ही अंगभर पोहण्याचे काळे कपडे, डोक्याला टोपी, तोंडावर मास्क अशा तयार होऊन बोटीच्या कडेवर बसलो होतो. उडी मारणार तोच दुसरी एक मोठी बोट वळसा घालून आत आली. बोटीत सातआठ पुरुष, गाणी, आरडाओरडा. आणि त्या गोंधळातून एक आवाज आला, "भाई, लाइफ जॅकेट दो-दो मिलेगा क्या? एक के ऊपर एक?"

ताईने माझा दंड धरला. "हा आवाज..."

मी पाहिलं. बोटीच्या मधोमध, कठड्यापासून जास्तीत जास्त लांब, पिवळ्या फुलाफुलांच्या बर्मुड्यात भाऊजी बसले होते.

मला हसू आवरेना. ताई मात्र दगडासारखी. "स्टॉक-टेकिंग," एवढंच ती म्हणाली.

आम्हाला मास्क काढायचं कारणच नव्हतं. त्या वेषात आम्हाला आमच्या आईनेही ओळखलं नसतं. दोन्ही नावाडी एकाच गावचे निघाले. त्यांनी बोटी शेजारी बांधल्या आणि गप्पा सुरू केल्या. पलीकडचं बोलणं आम्हाला घरात बसल्यासारखं ऐकू येऊ लागलं.

"सर, आप तो हर बार बोलते थे, मिसेस पानी से डरती है, जाने नहीं देती," भाऊजींच्या ऑफिसमधला एक मिशीवाला म्हणत होता. "आज कैसे छोड़ा?"

"अरे, उसको बताया ही नहीं," भाऊजी म्हणाले. "समंदर का नाम लो तो रोने लगती है बेचारी."

ताईचं तोंड मास्कच्या आतही लाल झालेलं दिसलं. "मी रडते? मी?" ती पुटपुटली. मला वाटलं, आता ही मास्क काढून फेकते. पण ती शांतपणे पिशवीकडे वळली. डब्यातली दोन थालीपिठं कागदात गुंडाळून तिने नावाड्याच्या हातात दिली. "वो पीली चड्डीवाले सर को दो," ती आवाज बदलून म्हणाली.

भाऊजींनी घास घेतला. डोळे मिटले. मग आमच्या दिशेने हात जोडून मोठ्याने म्हणाले, "थँक यू, भाभीजी! कितने सालों के बाद ऐसा खाया!"

"अगं, परवाच केली होती मी," ताई माझ्या कानात फणफणली. "तेव्हा म्हणाले, जरा कडक झालीयत."

आणि तिने पाण्यात उडी मारली. मीही मागोमाग.

खाली बघितलं आणि काही वेळ मी भाऊजींना विसरूनच गेले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा माझ्या बोटांमधून गेला. हिरवे पोपटमासे खडक कुरतडत होते, आणि खरंच, कान दिला की त्यांचं कुरुकुरु ऐकू येत होतं. खडकांच्या फटीत काटेरी काळे गोळे बसले होते. ताई माझ्या शेजारी तरंगत बोट दाखवत होती आणि स्नॉर्कलमधून "ऊं! ऊं!" करत होती.

तेवढ्यात वर पाणी ढवळलं. भाऊजींना त्यांच्या मंडळींनी एकदाचं उतरवलं होतं. अंगात जॅकेट, कमरेला ट्यूब, ट्यूबला दोरी आणि दोरी नावाड्याच्या हातात. त्यांनी धीर करून तोंड पाण्यात घातलं, नेमकं तेव्हाच एक मोठं कासव त्यांच्या पायाखालून अगदी आरामात निघालं.

स्नॉर्कलमधून बैल हंबरल्यासारखा आवाज आला. भाऊजी हातपाय झाडायला लागले आणि सर्वांत जवळ जो हात सापडला तो त्यांनी घट्ट धरला. तो ताईचा होता.

तिने हात सोडवला नाही. दुसऱ्या हाताने त्यांची ट्यूब सरळ केली, त्यांना उताणं वळवलं आणि आमची फिलिपिनो पोरगी म्हणायची त्याच सुरात म्हणाली, "ब्रीद, ब्रीद." भाऊजी धापा टाकत शांत झाले. "थँक यू, मॅडम," ते आभाळाकडे बघत म्हणाले. "थँक यू व्हेरी मच. कासव है नीचे. बहुत बड़ा."

"हात सोडा आता," ताई मराठीत म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

भाऊजींनी मान वळवली. ताईने मास्क कपाळावर चढवला. इतका वेळ ते तिच्याकडे बघत राहिले की एक लाट त्यांच्या नाकात गेली तरी त्यांना कळलं नाही.

"तू?" खोकून झाल्यावर ते म्हणाले. "तालीम?"

"झाली. तुमचं स्टॉक-टेकिंग?"

"चालू आहे," भाऊजी म्हणाले. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "अगं, पण इथे खोल आहे! तू जॅकेट घातलेलं नाहीस!"

"मला लागत नाही."

ताईने त्यांच्या ट्यूबची दोरी नावाड्याकडून सोडवून घेतली आणि नवऱ्याला ओढत ओढत वाळूकडे नेलं. मी मागून. पाण्यात मनसोक्त हसता येत नाही, स्नॉर्कल सुटतो, हे मला तेव्हा समजलं.

वाळूवर तिघं बसलो. भाऊजी जॅकेट काढायला तयार नव्हते. माझी अपेक्षा होती की आता दोघांचं जुंपेल. ताईने सुरुवातही केली, "मी समुद्राचं नाव काढलं की रडते काय?"

भाऊजी वाळूत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "मला पोहता येत नाही, हे ऑफिसात कसं सांगू? साहेब म्हणतात मला तिथे."

"आणि घरी? घरी मला का अडवत होता इतकी वर्षं?"

"तेच ना," ते म्हणाले. "तू आत गेलीस आणि काही झालं, तर मी काठावर टॉवेल धरून काय करणार होतो?"

भाऊजींच्या नाकावर मास्कचा लाल वळ उठला होता, त्यावरची वाळू ताईने पदर नसल्यामुळे बाहीने पुसली. मी उठून खडकांकडे शिंपले शोधायला गेले. तिथे फारसे शिंपले नव्हते, तरी मी बराच वेळ शोधले.

परतताना भाऊजी आमच्या बोटीत बसले. पलीकडच्या बोटीत एकदम शांतता पसरली. तेव्हा मला उमगलं की त्या सातआठ जणांनी काय पाहिलं होतं: सरांनी एका अनोळखी बाईचा हात धरला, तिने त्यांना किनाऱ्यावर नेलं, आणि आता सर तिच्याच बोटीतून चालले.

"अरे, ये मेरी वाइफ है!" भाऊजी ओरडले.

"हाँ सर, हाँ सर," मिशीवाला म्हणाला. "लेकिन भाभी तो पानी से डरती हैं ना?"

"ये वही है!"

"बिल्कुल, सर. इन्शाल्ला," तो म्हणाला आणि बाकीच्यांकडे वळून त्याने एक डोळा मिटला.

भाऊजींनी आठवडाभर ऑफिसात समजावून पाहिलं. जितकं समजावलं तितका संशय पक्का झाला. शेवटी घरी येऊन त्यांनी ताईला विनवलं की कंपनीच्या जेवणाला ये, एकदा सगळ्यांना दिसू दे. एरवी त्या जेवणाला तिला जायचं असायचं तेव्हा ते म्हणायचे, तुला कंटाळा येईल. या वेळी ताईने तीन दिवस विचार करायला घेतले.

ती गेली. जरीची साडी, केसात गजरा, चष्मा. काळ्या कपड्यातल्या बाईशी काडीचंही साम्य नाही. जेवताना मिशीवाला हळूच तिच्या शेजारी आला आणि फार आपुलकीने म्हणाला, "भाभीजी, सर बहुत अच्छे आदमी हैं. बस, शनिवार को ज़रा ध्यान रखना."

ताईने चेहरा पाडला. "मुझे भी शक है, भैया," ती म्हणाली.

हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मागून भाऊजींचा आवाज येत होता, "तू त्याला खरं का नाही सांगितलंस? अगं, हसतेस काय?"