आचलचे हात

आचल अकोल्याला माझ्याबरोबर बी.कॉम.ला होती. गोरक्षण रोडवर घर, वडील लहानपणीच गेलेले, आई शकुन काकू आणि मोठा भाऊ कुंदन. बोलायला मोजकी. संध्याकाळी पोरांच्या शिकवण्या घ्यायची. पण हातात कंट्रोलर आला की ही मुलगी वेगळीच व्हायची. मारामारीच्या खेळात समोरच्याचा ठोसा अगदी लागायच्या बेतात असताना ती तो अडवायची आणि त्याच झटक्यात उलटा हाणायची. बटण लवकर दाबलं तर डाव फुकट, उशिरा दाबलं तर मार खायचा. अकोल्यातली पोरं त्या डावाला ‘आचल’च म्हणायची. आचल खाल्ली, आचल बसली, असं.

खेळ तिला कुंदनने शिकवला. तो कॉम्प्युटरच्या दुकानात मशीन जुळवायचं काम करतो. सुरुवातीला तोच जिंकायचा. मग एकदा ती जिंकली आणि त्यानंतर तो कधीच जिंकला नाही. दोस्तांसमोर तो हसून सांगायचा, शिकवलं तं मीच. हसायचा, पण तिच्यासमोर खेळायला बसणं त्याने हळूहळू टाळलं.

अमरावतीला स्पर्धा ठरली. गावागावातून एकेक खेळाडू. अकोल्यातून सगळ्यांनी आचलचं नाव दिलं. आणि मग कळलं की स्पर्धा जुन्या खेळावर होणार नाही, नुकत्याच आलेल्या नव्या खेळावर होणार.

घरात एकच प्रश्न, आपल्या मशीनवर हा खेळ नीट चालेल का? खेळाच्या पानावर लिहिलं होतं, प्रोसेसर अमुक हवा, मेमरी एवढी हवी, ग्राफिक्स कार्ड ह्याच्या खालचं नको. कुंदनने सगळं ताडून पाहिलं. खेळात मशीन तपासायची सोय होती, तीही चालवून दाखवली. पैकीच्या पैकी गुण आले.

“मक्खन चालते,” तो म्हणाला. “आता काही अडलं तं मशीनचा दोष नाही.”

मशीन एकच होती, पण दोघांची खाती वेगळी. आचल आपल्या खात्यात शिरून खेळायला बसली आणि पहिल्या दिवसापासून सगळं बिनसलं. चित्र अडकत नव्हतं, तुटत नव्हतं, नुसतं जड वाटायचं. बटण दाबलं की पडद्यावरचा हात जरा मागून निघायचा. अंगावर मार बसायचा. तिने कुंदनला विचारलं. त्याने आपल्या खात्यातून पुन्हा तपासणी चालवली, पुन्हा पूर्ण गुण. मग तो स्वतः खेळून दाखवायला बसला, तर खेळ पाण्यासारखा चालला.

“तुये हात जड झाले, आचल,” तो म्हणाला.

तिने मानलं. घरातला कॉम्प्युटरवाला तोच, दुसऱ्या कोणाला विचारणार? ती रबरी चेंडू दाबत बसायला लागली. शकुन काकूंनी मोबाईल कमी कर म्हणून बोलून घेतलं. डोळ्यांची शंका आली तेव्हा कुंदननेच तिला गाडीवर बसवून डॉक्टरकडे नेलं. डोळे चांगले निघाले. परतताना तो म्हणाला, मग मनातच काही असेल. आचल मला फोनवर सांगायची की मी आधीच दाबायला शिकून राहिली, म्हणजे हात वेळेवर पोचतो. सरावाने ते थोडं जमलंही, पण पुरेसं नाही. स्पर्धा जवळ आली तेव्हा अकोल्याची लाज जायला नको म्हणून तिने स्वतः फोन करून नाव मागे घेतलं आणि आपल्या जागी कुंदनचं नाव सुचवलं.

कुंदन गेला. तिसरा आला. काकूंनी त्याची ट्रॉफी टीव्हीशेजारी ठेवली.

त्यानंतर काही दिवसांनी आचल मूर्तिजापूरमार्गे एसटीने माझ्याकडे अमरावतीला आली, मी तेव्हा तिथेच राहत होते. माझा लॅपटॉप भावाचा जुना. नवा खेळ त्याच्यावर कसाबसा बसला होता, तपासणीत काठावर पास. मी सहज म्हटलं, एक डाव टाकू. ती नको म्हणाली, मग बसली.

पहिला ठोसा आला आणि तिचा उलट मार त्याच्या आधीच सुटला. पुन्हा तसंच. ह्यातलं काही न येणारी मी तिला बडवत होते. तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“दीक्षा, हे लवकर होऊन राहिलं,” ती म्हणाली. “तुह्या मशीनवर हात बटनाबरोबरच निघते.”

माझ्या लॅपटॉपपेक्षा त्यांच्या घरचं कार्ड किती तरी वरचं, हे तिला माहीत होतं.

अकोल्याला परतल्यावर तिने एक केलं, जे आधी तिला सुचलंच नव्हतं. तपासणी स्वतःच्या खात्यातून चालवली. नापास. तिच्या खात्यात एक लहानसं सॉफ्टवेअर लपून चालू होतं, कार्डाला पूर्ण जोर लावूच न देणारं. ते तिथे टाकणारा माणूस घरात एकच होता.

काकू भाजी निवडत असताना तिने कुंदनला विचारलं. त्याने नाकारलं नाही.

“मले वाटलं, चार दिवसात तुले समजीन,” तो म्हणाला. “एवढी मोठी खेळाडू तू. तुले नाही समजलं तं मी काय करू?”

काकू म्हणाल्या, खेळच तं हाये, घरातल्या घरात कायले वाढवता. तिसरा नंबर घरातच आला ना.

त्याने तिच्यासमोर ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. रविवारी दोस्तांना बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, मशीन आता मोकळी, बस. तिने बसायला नको होतं. पण पोरं सगळी तिची ओळखीची, ती पाहत होती. आचल बसली आणि हरली. पुन्हा बसली आणि पुन्हा हरली. इतके महिने उशिराने चालणाऱ्या चित्राच्या मागे धावून हातांना जी घाई लागली होती, ती काही एका दिवसात जाणार नव्हती. प्रत्येक उलट मार आधीच सुटायचा आणि कुंदन निवांत थांबून हाणायचा. त्याला ठाऊक होतं काय होणार ते. कार्डाचं गणित त्याला कळतं तसं हातांचंही कळत असणार.

शेवटी तो पोरांकडे वळला. “पाह्यलं? मी म्हनत नोतो, मशीनचा दोष नाही?”

पोरं हसली. त्यातल्या एकाने जाता जाता तिला सांगितलं, ताई, होते असं, वय झालं की. ती चोवीस वर्षांची होती.

त्या महिन्यात आचलने अमरावतीत एका सीएच्या ऑफिसात नोकरी धरली आणि माझ्याबरोबर राहायला आली. माझ्या लॅपटॉपवर ती कधीतरी खेळते. साधे डाव जिंकतेही. उलट मार लावायची वेळ आली की मात्र तिचा अंगठा अजून पुढे पळतो, आणि ती खेळ बंद करून कपडे धुवायला घेते.

राखीला ती अकोल्याला गेली. काकूंनी रडून बोलावलं होतं. कुंदनने ओवाळणीत नवाकोरा कंट्रोलर घातला, भारीतला. पाह्य, भावाचं मन किती मोठं, असं काकू शेजारणींना सांगत होत्या. आचलने तो घेतला, पाया पडली, जेवली आणि दुपारच्या गाडीने परत आली. कंट्रोलरचा डबा तिने माझ्या हातात दिला आणि विचारलं, तुह्या ओळखीत कोनाले पाह्यजे का.