माळ्यावरची दोन पोती

"अजून आहे त्यात," असं म्हणून ती गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीवर उलट्या हाताने तीन थापा मारायची. तिसऱ्या थापेला खरंच मूठभर पीठ डब्यात पडायचं. तोवर तिची चुंबळ डोक्यावर गेलेली असायची आणि एक पाय उंबऱ्याबाहेर.

सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझी पिठाची गिरणी होती. नव्वद साल उलटल्यावर मी ती सुरू केली. गिऱ्हाइकांना बसायला एक बाक ठेवला होता. गल्लीतल्या सगळ्या बायका त्या बाकावर बसल्या, ती एकदाही बसली नाही. "बसा हो वहिनी, पाच मिनिटं लागतील," म्हटलं की म्हणायची, "पाच मिनिटांत मी भाजी निवडून येते." जायची आणि साडेचार मिनिटांनी परत हजर. तिच्याकडे बघून मलाच दम लागायचा.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. गल्लीत तिला वैशालीची आई म्हणत. नवरा अंबडच्या एका कारखान्यात कामगार, एकुलती मुलगी वैशाली, दोन खोल्यांचं घर. तीन माणसांच्या संसाराला एवढी धावपळ कशाला, असं बाकावरच्या बायकांना वाटायचं. मलाही वाटायचं.

बुधवारी नदीकाठी, गंगेवर भरणाऱ्या बाजाराला ती दिवस मावळताना जायची, चालत. मखमलाबादकडच्या भाजीवाल्या बायका त्या वेळी आवराआवरीच्या घाईत असतात. ही भाव करत बसायची नाही. सरळ त्यांच्या गोण्या झटकायला, दोऱ्या गुंडाळायला लागायची आणि परतताना पिशवीभर मेथी-पालक घेऊन यायची. "फुकट नाही आणली हं ताई," मला बजावायची, "कामाची आणली."

कुकरची एक शिट्टी झाली की ती गॅस बंद करायची आणि कुकर गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची. बाकीचा भात गोधडीत शिजायचा. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस उन्हातून दमून आला आणि त्या गोधडीवर टेकला. टेकला तसाच ओरडत उठला. "चटका बसला ना? म्हणजे भात झाला," ती म्हणाली आणि त्याला पेलाभर ताक दिलं. बाकावर ही गोष्ट महिनाभर पुरली.

अशी एखादी तुमच्याही गल्लीत असेल. आपण तिला कंजूष म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. मीही तेच केलं असतं. पण गिरणीवालीला डब्यांवरून घरं कळतात. नाचणी आली की कोणीतरी आजारी, हरभरा डाळ आली की पाहुणे येणार. मी कधी याचं त्याला सांगितलं नाही. धंद्याला ते परवडत नाही. हे बहुधा तिने हेरलं होतं.

तिचे थोरले दीर विंचूरजवळ शेती करायचे. दर उन्हाळ्यात ते घरच्या रानातला लोकवन गहू दोन पोती पाठवायचे. वर्षभर त्याच गव्हाचा डबा माझ्याकडे यायचा. पांढरंशुभ्र पीठ. बाकीच्या बायका बोट लावून बघायच्या.

वैशालीचा दहावीचा निकाल लागला त्या पावसाळ्यात, एका दुपारी गिरणीत कोणी नसताना ती आली. हातात डबा नव्हता. रिकाम्या हाताने मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

"ताई, कंपनीला टाळं लागलं. तीन महिने झाले."

"आणि भाऊ? रोज डबा घेऊन जातात ते?"

"मार्केट यार्डात पोती उचलतात. त्यात घर चालवीन मी. पण वैशूला डिप्लोमाला प्रवेश मिळालाय. तिची फी त्यात बसत नाही."

"मग विंचूरला सांगा की. थोरले दीरच आहेत ना?"

तिने दाराकडे बघून घेतलं. "भाऊजींकडे स्थळ तयार आहे. द्राक्षबागवाले. घरात पगार नाही हे कळायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येतील आणि पोरीला उजवून टाकतील. हे त्यांच्यापुढे तोंड उघडत नाहीत. तीन वर्षं, ताई. तीन वर्षं त्यांना कळता कामा नये."

"मी काय करू?"

"माळ्यावर दोन पोती लोकवन आहे. गिऱ्हाईक बघा. गाजावाजा न करता."

मी दुसऱ्या गल्लीतली तीन घरं गाठली. अर्धं पोतं स्वतः घेतलं, तेही दुकानाच्या भावाने, कारण कमी भाव मी दिला नसता आणि जास्त तिने घेतला नसता. तिचा नवरा दुपारच्या सामसुमीत सायकलवर थोडा थोडा गहू आणून द्यायचा. मान खाली घालून यायचा, तसाच जायचा. आठ दिवसांत पोती रिकामी झाली आणि वैशालीची वर्षाची फी भरली गेली.

भाऊजी वर्षातून दोन-तीनदा येणार, आले की माळ्याकडे बघणार, हे तिने धरलं होतं. तिने वखारीतून लाकडाचा भुसा आणला, जुने कपडे घातले, पोती फुगवून शिवली आणि माळ्यावर पुढच्या बाजूला ठेवली. महिन्यामहिन्याने त्यातला भुसा थोडा कमी करायची. गहू संपत चालल्यासारखा दिसायला हवा ना. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी गिरणी चालू असताना मोठ्याने हसले. ती हसली नाही. "भुसा उन्हात घालावा लागतो. वास येतो," म्हणाली आणि गेली.

घरात आता रेशनचा गहू आला. लालसर, बारीक, खड्यांचा. पीठ काळपट पडायचं, पोळ्या वातड. डबा न्यायला कधी वैशाली यायची आणि तोंड वाकडं करायची. "मावशी, आई माळ्यावरचा गहू काढतच नाही. म्हणते पावसाळ्यासाठी ठेवलाय. पावसाळा झाला की म्हणते पाहुण्यांसाठी. कंपनी बंद पडली तरी बाबांना तिचे पैसे मिळालेत, फी भरलीय, मग हे कशाला?"

कंपनीने एक पैसाही दिला नव्हता. मी तिच्या आईला विचारलं, "पोरीला खरं का नाही सांगत?"

"सांगितलं तर शिकायचं सोडेल. तिच्या बापासारखी आहे, लगेच वितळते. चिडू दे माझ्यावर. चिडली की कॉलेजला वेळेवर जाते." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुम्हीही सांगायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. घाईत दिला. मागे चार डबे होते.

दुसऱ्या वर्षीची पोतीही तशीच विकली. मला मात्र बैलपोळ्याच्या सुमारापासून, दीर फिरकायचे दिवस म्हणून, चैन नव्हती. गल्लीत टेम्पो थांबला की मी हात थांबवून बाहेर बघायची. आणि एके दिवशी खरंच दीर आले. तेही सरळ गिरणीत. भावजय घरी नव्हती. डबा दळायला गेलाय असं शेजारणीने सांगितलं, तर आणूनच ठेवतो, म्हणाले. माणूस मनाने वाईट नव्हता.

मी काही बोलायच्या आत त्यांनी झाकण काढलं, चिमूट घेतली, चोळली, जिभेवर ठेवली.

"ताई, हे कुणाचं पीठ हाय?"

"तुमच्याच घरचं."

"आमच्या गव्हाचं नाय हे. मी पेरतो, मी काढतो. आमचं पीठ असं काळं पडत नाय."

बाकावर दोघी बसल्या होत्या. दोघींनी माना वळवल्या. रेशनचा गहू, हे एकीच्या तोंडातून निघालं असतं तर तिसरं अख्खं वर्ष बाकी असताना सगळं संपलं असतं. मी म्हटलं, "चूक माझी आहे, दादा. काल दगडांना टाकी लावली. पहिल्या दळणात दगडाचा चुरा उतरतो, ते बाजूला काढायचं असतं. चुकून तुमचा डबा पहिला लागला."

"म्हंजे दगड खाऊ घालता व्हय आमच्या पोरीला? लय भारी गिरणी! बदलून द्या."

मी आत गेले. घरात माझा स्वतःचा डबा भरलेला होता, तो आणून दिला. त्यांनी पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा चोळली. चेहरा उजळला.

"हां! हे बघा. ह्याला म्हंत्यात पीठ. आमच्या रानातलाच वाटतोय गहू."

त्यांच्याच रानातला होता. मी त्यांच्या भावजयीकडून विकत घेतलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी उघडायच्या आत ती दारात उभी. डोक्यावर माझा डबा. "वजन करून घ्या. नऊ पोळ्यांचं पीठ कमी आहे. भाऊजींनी पाच खाल्ल्या, दोन आग्रहाच्या, आणि दोन वैशूने. तिला नाही म्हणता आलं नाही मला." तेवढ्या पिठाचे पैसे तिने मोजून फळीवर ठेवले. मी घेतले. घेतले नसते तर ती जागची हलली नसती.

आभार वगैरे काही नाही. पण दिरांनी जाताना गल्लीत चार ठिकाणी माझ्या गिरणीचा उद्धार केला होता, आणि बाकावरच्या त्या दोघींनी उरलेलं काम केलं. पाच-सहा घरं पलीकडच्या गिरणीत जायला लागली. तिला हे कळलं. पुढच्या रविवारपासून ती खराटा घेऊन यायची आणि गिरणी झाडून काढायची. भिंतींवरचं, पंख्यावरचं, पट्ट्याखालचं पीठ. मी नको म्हटलं की तिचा हात आणखी जोरात चालायचा. झाडलेलं पीठ तेवढं बरोबर न्यायची. "खळ होते याची. वैशूचे ड्रॉइंगचे कागद चिकटवायला." वर्षभर एक रविवार चुकला नाही. गेलेल्या घरांपैकी दोनच परत आली, तीही तिने त्यांच्या दारात जाऊन माझी गिरणी कशी घासूनपुसून ठेवलेली असते हे सांगितल्यावर.

तिसऱ्या वर्षाची पोती विकली. वैशाली डिप्लोमा झाली आणि पुण्याकडे एका कारखान्यात लागली. वर्षभराने तिने आईवडिलांना नेलं. सामान छोट्या टेम्पोत मावलं. निघताना ती मला भेटायला आली ती उभ्या उभ्या, आणि बोलली काय, तर माझा पट्टा सैल झालाय, बदलून घ्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मुलीला आता सगळं सांगितलंत का, हे विचारायचं माझ्या मनात होतं. राहून गेलं. सांगितलं असेलच, असं मी धरून चालले.

चार-पाच वर्षांनी ती गेली. आजारपण थोड्या दिवसांचं होतं म्हणे. मला उशिरा कळलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात वैशाली सिडकोतलं घर विकायच्या कामाला आली होती. मैत्रिणीची दुचाकी गाडी घेऊन गिरणीशी थांबली. तोंडावर स्कार्फ, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. गिरणीत आता डबे कमी यायचे, पिशवीबंद पीठ सगळीकडे मिळू लागलं होतं. ती बाकावर बसली. आम्ही बोललो. वडील बरे आहेत, गुडघे दुखतात. काका थकले.

"माळा रिकामा केला काल," ती म्हणाली. "दोन पोती निघाली, मावशी. भुशाची! आईने काय काय जपून ठेवलं होतं." हसली, पण हसू पुरं झालं नाही. "मला अजून राग येतो तिचा. घरचा एवढा गहू असताना तीन वर्षं तिने आम्हाला रेशनच्या पोळ्या खायला घातल्या. डब्यातली पोळी मी मैत्रिणींसमोर काढायची नाही. आता ती नाही, तरी तेवढं मनातून जात नाही."

मी शब्द दिला होता. कोणाला आणि कशासाठी, हे मला चांगलं आठवत होतं. ज्यासाठी दिला ते काम होऊन गेलं होतं.

मी गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत वेळ गेला. मग सांगितलं. गहू कुठे गेला, फी कुठून आली, कंपनीने काय दिलं, भुसा कशाला. दिरांची गोष्टही सांगितली. मला वाटलं तिथे तरी हसेल.

"बाबांना माहीत होतं?"

"सायकलवर तेच आणून द्यायचे."

"आणि काकांना?"

"अजूनही नसेल."

तिने ओळखपत्राच्या पट्टीला पीळ दिला, सोडला. मग उठली. पाणी विचारलं तर मानेनेच नको म्हणाली. बाहेर जाऊन तिने स्कार्फ नीट बांधला, गाडीला किल्ली लावली आणि गाडी सुरू न करताच ढकलत निघाली. चढाची गल्ली आहे आमची; बुधवारच्या बाजारातून तिची आई भरली पिशवी घेऊन याच चढाने चालत यायची. मी दारात उभी राहून बघत होते. वळणापर्यंत ती चालत होती, आणि वळणानंतरही गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही.