लाखेखालची रायफल

तीस वर्षं पोलिसात काढली, गुन्हे पुष्कळ पाहिले. पण त्या खंडेनवमीची गोष्ट निघाली की अजून माझे कान गरम होतात. जी रायफल शोधायला मी एका माणसाचं घर उलटंपालटं केलं, विहिरीत माणूस उतरवला, ती तेवढे दिवस माझ्याच ठाण्याच्या कपाटात होती. मीच गुंडाळलेली, मीच लाख ओतून सील केलेली.

ऐंशीच्या पुढची वर्षं. मी निपाणीची पोर, नवी पीएसआय, बेळगावच्या एका ठाण्यात. बाई म्हणून कोणी कमी लेखेल या भीतीनं मी कोणाचं ऐकूनच घेत नसे आणि त्याला कडकपणा समजत असे.

खंडेनवमीच्या सकाळी पिरनवाडीचा एकजण खबर घेऊन आला. शेजाऱ्याच्या घरी हत्यारांच्या पूजेत मशिनगन मांडलीय म्हणाला. शेजारी फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणारा. आम्ही दोन पंच घेऊन गेलो. पाटावर करवत, रंधा, पटाशी आणि मधोमध ती वस्तू. काळीभोर, नळीवर भोकांचं वेष्टण, खाली वाकडं मॅगझिन, वर झेंडूचा हार. असलं हत्यार मी फक्त सिनेमात बघितलं होतं.

घरमालक पन्नाशीचा, शांत. चार स्क्रू काढून बघा, मग काय ते लिहा, असं तो दोनदा म्हणाला. मला शिकवू नका, असं मी तीनदा म्हणाले. पंचनाम्यात ‘मशिनगन, एक’ लिहिलं आणि हारासकट कापडात शिवून सील मारलं. आमचे दफेदार, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, नोकरीत मुरलेले. ते नुसते खाकरले.

ठाण्यात आल्यावर त्याच्या लायसन्सचं पुस्तक उघडलं. शेतातली डुकरं हाकलायला वडिलांच्या वेळेपासूनची एक पॉइंट टू-टू रायफल त्यात नोंदलेली. म्हणजे आता दोन हत्यारं झाली. मी दरडावून विचारलं, ही रायफल कुठाय?

“तुमच्याजवळच हाय की, बाई.”

मला तो उद्धटपणा वाटला. झालं, झडती सुरू. गवताची गंजी, धान्याची कणगी, शेवटी विहीर. त्याला रोज सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवायचं. प्रश्न तोच, उत्तर तेच. लष्कराच्या छावणीतल्या एका साहेबांना बोलावलं, तर ते सीलबंद गाठोडं हातात तोलून म्हणाले, मशिनगनला हलकं आहे, खेळण्याला जड आहे. उघडा म्हणाले. उघडणार कसं? सील कोर्टासमोरच फुटतं आणि कोर्टाला दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी तर मला स्वतःचा पंचनामा वाचूनही काही कळेना.

त्यात त्याची मुलगी आली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिची निवड झाली होती. त्या घरातली पहिली सरकारी नोकरी. नोकरीआधीच्या तिच्या पोलीस चौकशीचा कागद माझ्याच टेबलावर होता आणि शेरा पोचवायला चार दिवस उरले होते. ‘वडिलांवर शस्त्राचा गुन्हा’ एवढं लिहिलं की नोकरी संपली. ती रडली नाही, काही मागितलंही नाही. फक्त म्हणाली, “आप्पांनी खोटं सांगितलं असेल तर जरूर लिहा. पण आधी बघा तरी.”

बघायचं काय, हेच मला कळत नव्हतं. रायफल कामावर लपवली असेल म्हणून मी फाउंड्री गाठली. पॅटर्नच्या खोलीत फळीवर लाकडाचा एक लांब अर्धा तुकडा पडलेला. बाहेरून त्याच मशिनगनची एक बाजू, आतून कोरून पोकळ केलेला. मी तो उचलून उलटा, सुलटा करत उभी. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना दया आली असावी.

“ह्यो पयला चुकला म्हणून टाकला त्यानं. ह्यात त्याची टू-टू बसती, बाई. रद्दीतल्या इलायती मासिकात चित्र हुतं, तिकडं हौशी लोक असली कवरं इकत घेऊन बसवत्यात. ह्यानं हातानं केलं. आमी समद्यांनी बघितलंय.”

सगळ्यांनी. म्हणजे बेळगावात मी एकटीच उरले होते.

जीपमध्ये दफेदारांना विचारलं, तुम्हाला संशय नव्हता? ते म्हणाले, “व्हता की. तुमी इचारलासा कुठं?”

सुट्टीतल्या तातडीच्या कामासाठी एक न्यायाधीश असतात, ते मला आधी सुचलंच नव्हतं. गाठोडं, दोन्ही पंच आणि माझी चूक लिहिलेला अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेले. तो अर्ज मी चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिला होता. नवी नोकरी माझीही होती. सील फुटलं. कुजक्या झेंडूचा वास सुटला. चार स्क्रू काढल्यावर लाकूड आणि पत्रा शेंगेच्या टरफलासारखे दोन्हीकडं पडले आणि मधून निघाली लायसन्सवरचाच नंबर असलेली एक बारकीशी रायफल. न्यायाधीशांनी कायद्याचं पुस्तक बराच वेळ चाळलं. बंदुकीला दुसऱ्या बंदुकीचा अंगरखा घातला तर कलम कुठलं, ते त्यांनाही सापडेना. आम्ही केस बंद करण्याचा बी रिपोर्ट दिला. मुलीच्या कागदावर ‘हरकत नाही’ लिहून तो मी स्वतः नेऊन पोचवला.

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत आरोपी काही सांगू लागला की मी पेन खाली ठेवून पुरतं ऐकायचे. ही सवय चांगुलपणातून नाही, लाजेतून आली.

पुढच्या उन्हाळ्यात चिकोडीच्या ठाण्याला तातडीचा ट्रंक कॉल लावायचा होता. फोनवर माझ्या नेहमीच्या कडक आवाजात नंबर सांगितला. पलीकडून ऑपरेटर अगदी अदबीनं म्हणाली, “बाई, आवाज ओळखला मी तुमचा. चिकोडीची लाईन बंद हाय. मी सांगते ते मानणार, का विहिरीत माणूस उतरवणार?”