नमुन्यातला नंबर

खोटा मोबाइल नंबर लिहायचा म्हटलं की नमुनाताईंचा हात अडायचा. 'कुठलेही दहा आकडे लिहा' म्हणून कोरा कागद पुढे ठेवला असता, तर त्या संध्याकाळपर्यंत नुसत्या बसून राहिल्या असत्या.

पनवेलला आमचं छोटंसं ऑफिस होतं. औषधांच्या दुकानातल्या फ्रीजवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. फ्रीज तापला की दुकानदाराच्या मोबाइलवर निरोप जायचा. आता दुकान कुठलं, किती तापमानाला ओरडायचं आणि कुणाच्या नंबरावर, हे सॉफ्टवेअरला एका साध्या फायलीत लिहून द्यावं लागतं. तिला कॉन्फिग फाइल म्हणतात. ती कशी भरायची हे दुकानदाराला कळावं म्हणून सोबत एक भरलेला नमुना जायचा. तो नमुना तयार करणं हे ताईंचं काम. नमुनाताई हे नाव मीच पाडलं होतं आणि खोटं कशाला बोलू, त्यात टवाळी होती.

ताई उरणकडच्या कोळ्यांच्या. आधी बंदराजवळच्या एका ऑफिसात अर्ज तपासायला होत्या. तिथे भिंतीवर भरलेला नमुना अर्ज चिकटवलेला असे आणि लोक तो उतरवताना त्यावरचं नावसुद्धा उतरवून देत. "अर्धा गाव येकाच नावाचा झाला होता, बाला," असं सांगून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. पण धडा पक्का घेतला होता. त्यांच्या नमुन्याची पहिलीच ओळ अशी असायची, की ती पुसल्याशिवाय सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. खालचं सगळं वाचा, आपलं भरा आणि मग ही ओळ पुसा. मी वैतागायचो. त्या म्हणायच्या, "आयतं चाललं का मानूस वाचत नाय."

एकदा नंबराच्या जागी मी मनाला येतील ते दहा आकडे ठोकले. ताईंनी तो नंबर तिथल्या तिथे फिरवला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ. लेकीचा फोन वाटला म्हणून अंघोळ अर्धी टाकून आले होते बिचारे. ताईंनी त्यांची माफी मागितली, लेकीची चौकशी केली आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. "बगितलंस? खोटा नंबर नसतोच. कुना तरी गरिबाचा निघतो." आणि त्यांनी स्वतःचा नंबर लिहून टाकला. तेव्हापासून प्रत्येक नमुन्यात ताईंचाच नंबर.

मग मी माझी अक्कल पाजळली. एक नमुना करायला ताईंना अर्धा दिवस लागतो, म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. मिनिटाभरात फाइल तयार, ताईंच्या नंबरासकट! अडवणारी ती पहिली ओळ मी काढूनच टाकली. बसवलं की चालू. साहेबांनी पेढे वाटले. ताईंनी पेढा हातात घेतला, फाइल शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "चालतंय ते ब्येस हाय. पन आता वाचनार कोन?"

"ताई, तुम्ही उगाच घाबरता," मी म्हटलं.

पुढे साहेबांनी कंपनी गुंडाळली, मी खारघरला दुसरी नोकरी धरली, ताई घरी बसल्या. गेल्या वर्षी त्या इस्पितळात असल्याचं कळलं म्हणून भेटायला गेलो. नाकात ऑक्सिजनची नळी होती. बोलता बोलता उशाशी फोन वाजला. निरोप होता, 'नमुना मेडिकल, तापमान चौदा.' अरे देवा! बसवणाऱ्याने दुकानाचं नावसुद्धा बदललं नव्हतं. ताईंनी उशीखालून सगळ्या दुकानांचे नंबर लिहिलेली वही काढली आणि पहिल्या दुकानापासून फोन लावायला घेतले. "तुमचा फ्रीज बगा हो जरा." चौथ्या फोनला ते दुकान सापडलं. त्यांना धाप लागली होती.

"ताई, हे केव्हापासून?"

"तुजा परोगराम आला तवापासून."

"मग मला सांगायचं नाही का?"

"केवडा खूश होतास रं तू," त्या म्हणाल्या. मग नळी सारखी करत म्हणाल्या, "इन्शुलिन बिगडलं तरी दिसतं तसंच, पान्यावानी. देनाऱ्याला कलत नाय, घेनाऱ्यालाबी नाय. मंग फोन नको कराया?"

पंधरा दिवसांनी ताई गेल्या. त्यांच्या मुलीने फोन आणि वही माझ्या हातात ठेवली. आईने तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. तेव्हापासून सुट्टी मिळेल तसा मी फायलीत दुकानदाराचा नंबर घालायला एकेक दुकान गाठतोय, पार चिरनेरपर्यंत जाऊन आलो. काही दुकानं हात बदलून गेली, काहींचे नंबर लागत नाहीत. काही जण कॉम्प्युटरला हातच लावू देत नाहीत. "चालतंय ना? मग कशाला छेडता?" हे त्यांना मीच शिकवलंय, कुणाला दोष देऊ? परवा ताईंच्या मुलीने विचारलं, "दादा, आईचा नंबर बंद करू का?" नको म्हणून मी जवळजवळ तिच्या पाया पडलो.

काल दुपारी ऑफिसात मीटिंगला बसलो होतो. ताईंचा फोन बॅगेत होता. बाहेर आलो तर दोन तासांपूर्वीचा निरोप, 'नमुना मेडिकल, तापमान सोळा.' जिन्यातच बसून वही उघडली. अकराव्या फोनला दुकानदार म्हणाला, "थांबा हां... अहो, बंदच पडलाय! आज ताईंचा फोन कसा नाही आला? एरवी दहा मिनिटांत येतो."

"इन्शुलिन नेलं का कुणी दुपारपासून?"

"एका बाईंनी नेलं. नवीन होत्या. मुलासाठी हवं म्हणाल्या."

"त्यांचा नंबर? बिलावर असेल बघा!"

त्याने आकडे वाचून दाखवले. मी ते ताईंच्या वहीत लिहून घेतले. मग तो जरा चाचरला. "पण साहेब, तो त्यांचा नाही. नंबर टाकल्याशिवाय बिल पुढे जात नाही ना, मग घाईत आम्ही कुठलेही दहा आकडे टाकतो."

तरी मी तो नंबर फिरवला. एका माणसाने उचलला. त्याच्या घरात कुणालाच साखरेचा आजार नव्हता. मी त्याची माफी मागितली.

ती बाई अजून सापडलेली नाही.