पुस्तक न्यायचं नाही

हिशेबखात्याची परीक्षा तीनदाच देता यायची, आणि माझी ती तिसरी खेप होती. पास झालो तर अकाउंटंट, नाही तर जन्मभर कारकून. इंदूरचं राज्य मध्यभारतात विलीन झालं होतं आणि आम्हा जुन्या दरबारी नोकरांना नव्या सरकारचे नियम येतात हे सिद्ध करून दाखवावं लागत होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दरबारच्या हिशेबखात्यातूनच रिटायर झालेले. त्यांच्या काळी साहेब समोर उभं करून तोंडी विचारायचे, आणि अण्णा घडाघडा म्हणून पास झाले होते. झालं! अभ्यास म्हणजे पाठांतर, हे त्यांच्या डोक्यात तिथेच पक्कं बसलं. पहाटे मला उठवायचे आणि प्रवासभत्त्याचे इंग्रजी नियम आकड्यांसकट संध्येसारखे म्हणवून घ्यायचे. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आधीच्या दोन्ही खेपांना मी असाच घोकून गेलो आणि आपटलो होतो. मी दोन पोरांचा बाप, आणि खाली मान घालून घोकत बसायचो.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक माळवी गडी होता. तोही परीक्षेला बसलेला. एक दिवस माझी बडबड ऐकून म्हणाला, "भिया, किताब तो अंदर ले जाने देते हैं. याद क्या करना? ढूंढना सीख." तो मागच्या सालांचे पेपर आणायचा आणि पुस्तक उघडं ठेवून सोडवायचा. कृष्णपुऱ्याला त्याच्या घरी मी काही संध्याकाळी बसलो, तेव्हा कुठे त्या नियमांचा अर्थ लागायला लागला. खरं सांगतो, मजा आली.

घरी कळलं. अण्णा म्हणाले, "पुस्तक उघडून परीक्षा? नक्कल झाली ती."

"अण्णा, परवानगी आहे."

"परवानगी ढ लोकांसाठी असते."

बस, तिकडे जाणं बंद. परीक्षेच्या सकाळी पुस्तक पिशवीत घातलं होतं, तेही त्यांनी काढून घेतलं. "न्यायचं नाही," म्हणाले. आणि मी रिकाम्या हाताने गेलो.

पेपरात विचारलं होतं, अधिकारी बैलगाडीने दौऱ्यावर निघाला, वाटेत सरकारी मोटर मिळाली, मुक्कामी आजारी पडला, तर भत्ता किती? नियम मला येत होते. पण मधलं कलम हवं असलं तरी माझी गाडी पहिल्या कलमापासूनच सुटायची. मी ओठ हलवत बसलो आणि आजूबाजूला सगळे पानं उलटत होते. माळवी गडी पुस्तकात दोन ठिकाणी बोटं घालून सरसर लिहीत होता. दोन नियम एकत्र कसे लावायचे, हे आमच्या घरच्या शाळेत कधी शिकवलंच नव्हतं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

तो पास झाला. पुढे मी त्याच्याच हाताखाली नोकरी संपवली. त्याच्यावर माझा राग नाही.

निकालाच्या दिवशी घरी आलो तेव्हा अण्णा पाटावर बसत होते. नापास झालो म्हणून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठला नियम विसरलास?"

"एकही नाही."

त्यांचा चेहरा चक्क उजळला. "मग माझ्या शिकवण्यात काही कमी नव्हतं," म्हणाले, आणि आईकडे वळून म्हणाले, "वाढ."