गोदावरी कंडक्टर आणि बादलीतले कपडे

सृष्टीनं सकाळपासून तिसऱ्यांदा सलवार बादलीत भिजत घातलेली गोदावरीनं पाहिली.

"काय गं, परत?"

"बाळानं शू केली की," लेक पाठ फिरवून म्हणाली.

बाळ तर तासभर गोदावरीच्याच मांडीवर झोपलं होतं आणि त्याचं दुपटं खडखडीत कोरडं होतं. तरी ती गप्प बसली. एरवी सोलापूर-अकलूज एसटीत अर्ध्या तिकिटावरून आख्ख्या गाडीशी भांडणारी ही बाई. प्रवाशाची थाप तिला दारातच कळायची. लेकीची थाप तर तिनं स्वतःच कधीकाळी वापरलेली होती.

खरं सांगायचं तर सृष्टीच्या जन्मापासून, म्हणजे चोवीस वर्षं, गोदावरीला शिंक आली किंवा गाडी गतिरोधकावर आदळली की तिचे कपडे ओले व्हायचे. हे तिनं ना नवऱ्याला सांगितलं, ना डॉक्टरला. तिचा इलाज तिनंच काढला होता: ड्यूटीवर पाणी प्यायचंच नाही. सकाळी अर्धा कप चहा, मग अकलूजहून परत येईपर्यंत घशाला कोरड. उन्हाळी लागायची, डोकं ठणकायचं, पण खाकी साडीवर डाग दिसण्यापेक्षा तिला ते परवडायचं. मागच्या बाकावर कुणी नुसतं हसलं तरी तिचा हात साडी चाचपायला मागं जायचा.

आणि हाच शहाणपणा तिनं लेकीच्या बाळंतपणात चालवला. बाळंतिणीला पाणी मोजून द्यायचं. पोट सुटू नये म्हणून जुन्या लुगड्याचा पट्टा करकचून आवळायचा. सगळं मायेनंच केलं, त्यात खोट नव्हती. पण आता ती बादली दिसली की तिला स्वतःचेच जुने दिवस आठवायचे. येत्या सोमवारी जावई अनीश सृष्टीला जेऊरला न्यायला येणार होता. तोंड मिटून ती एकदा सासरी गेली की हिचीही चोवीस वर्षं अशीच जाणार, एवढं गोदावरीला कळत होतं. बोलायचं मात्र धाडस होत नव्हतं.

बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी बाळंतिणीसाठीही चिठ्ठी दिली. बायकांच्या फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या, म्हणाल्या. "मला कुटं काय झालंय?" म्हणून सृष्टी कुरकुरली. गोदावरीनं रजा टाकली आणि शनिवारी तिला बाळासकट रिक्षात घातलं.

दवाखान्यात गुडघे शेकायची यंत्रं असतील असं तिला वाटलं होतं. फिजिओथेरपिस्ट निवेदिता मॅडमनी मात्र ओटीपोटाच्या हाडांचा एक नमुना पुढ्यात ठेवला. "खाली ही स्नायूंची झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, सगळ्याला हिचा आधार. बाळंतपणात ही ताणते, पाळी जाताना आणखी सैल पडते. नीट व्यायाम शिकला तर बहुतेकींना चांगला फरक पडतो." मग सृष्टीला विचारलं, "पाणी किती पिता?"

"आई देती तेवढं."

"आणि हा पट्टा?"

"आईच बांधती."

मॅडम रागावल्या नाहीत, तेच गोदावरीला जास्त लागलं. "काकू, पोट एवढं आवळलं की सगळा दाब खाली येतो. पाणी तोडलं की लघवी जहाल होते, लघवीची पिशवी जास्तच चिडते," त्या म्हणाल्या. मग सहज विचारल्यासारखं, "सृष्टी, खोकताना, शिंकताना लघवी निसटते का?"

"नाही," सृष्टी चटकन म्हणाली.

मॅडमनी कागदावर तसं लिहायला पेन टेकवलं. गोदावरीनं बाहेरच्या बाजूला पाहिलं. खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा, आणि बाहेर दोन बायका बसलेल्या. त्यातली एखादी उद्या तिच्याच गाडीत चढली तर? पण पेन चालू लागलं होतं.

"मॅडम, माझी गळती," ती म्हणाली, आणि वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं. "ही झाली तवापासनं. रोज भिजती मी गाडीत."

पेन थांबलं. सृष्टी आईकडं बघतच राहिली. मग तिचा चेहरा वाकडातिकडा झाला.

"तुला ठाऊक हुतं? बादली बघून बी गप बसलीस? माझंच आतनं कायतरी फाटलंय म्हणून जीव टांगणीला लागलाय माझा, जेऊरला कसं तोंड दाखवू म्हणून, आणि तुला ठाऊक हुतं?"

"लाज वाटली गं."

"माझ्याम्होरं बी?"

"चुकलं माझं," गोदावरी म्हणाली. लेकीला असं ती जन्मात पहिल्यांदा म्हणत होती.

मॅडमनी पेन बाजूला ठेवलं. "एकेकीला तपासते. नको वाटलं तर सांगा, तिथंच थांबू. आधी कोण येतंय?"

सृष्टीनं ओढणी मुठीत गच्च धरली. गोदावरीनं बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि ती उठली.

"मी जाती आदी. लई दुखलं तर वरडीन. न्हाय वरडले तर तू ये."