आठवा डाव

माझा धाकटा भाऊ लग्नात नवरदेवासाठी घोडी द्यायचा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून शिंगरू असताना आणलेली. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. कानाशी बँड वाजला तरी बिचकायची नाही. भावाला मूलबाळ नाही. वहिनी गेल्यावर तो त्या घोडीशीच बोलायचा. मी फोन केला की आधी घोडीनं चारा खाल्ला का ते सांगायचा, मग स्वतःचं.

अशा माणसाला मोबाईलवरच्या शर्यतींचा नाद लागला. पैसे लावून घेणारा एक माणूस शहाद्याला होता. भाऊ घोडा पारखायचा अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून, बाजारात पारखतात तसा. "अरे बाबा, त्या बोटभर पडद्यावर तुला भोवरा दिसतो कुठे?" मी खेकसायचे. तो नुसता हसायचा.

एक दिवस कागद घेऊन माझ्याकडे आला. मी पुरुषोत्तमनगरला राहून आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे नात्यातला कुठलाही आकडा माझ्यापुढे येतो. पाचशेपासून सुरुवात. हरलं की पुढच्या वेळी दुप्पट. लावायचं ते लावल्याइतकाच नफा देणाऱ्या घोड्यावर. एकदा जिंकलं की गेलेलं सगळं परत, वर पाचशे फायदा.

"ताई, तू फक्त गणित पाही ले. घोडा मी पाहस."

मी लाल पेन काढलं. आठ ओळी तपासल्या आणि खाली बरोबरची खूण केली. कुणीतरी अजून मला विचारतं, याचं बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! चौथीच्या पोराला मी पहिल्यांदा विचारलं असतं, बाळा, खिशात किती आहेत? सख्ख्या भावाला विचारलं नाही.

तो लागोपाठ सात वेळा हरला. साडेत्रेसष्ट हजार गेले. होतं नव्हतं ते सगळं गेलं. मला कळलं ते सातव्यानंतर. फोनवर मी वाट्टेल ते बोलले.

"आते थांबनू ते मागला समदा पैसा गया, ताई. तूच सांगेल व्हतं, बरोबर शे म्हनीसन."

तो सारंगखेड्याला होता. सकाळची पहिली बस धरली. दत्तजयंतीची यात्रा भरलेली होती. बाजाराच्या तोंडाशीच तो भेटला. खांद्यावर घोडीचं दावं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत, घरी परत आणतात. "केवढ्याला?" मी विचारलं.

सौदा रुमालाखाली बोटं दाबून झाला होता. समोरच्यानं चौसष्ट हजार दाबले. घोडी त्याच्या दुपटीची. पण भावानं वर एक बोट दाबलं नाही, कारण आठव्या ओळीत माझ्या खुणेशेजारी चौसष्ट हजारच होते. रोख घेऊन तो थेट त्या लावून घेणाऱ्याकडे गेला होता. तोही यात्रेत आलेला.

दुपारी चहाच्या टपरीवर आम्ही दोघांनी ती शर्यत बघितली. त्याचा घोडा पहिला आला.

मी त्याचा हात धरला. तो हात सोडवून उठला आणि पळत सुटला. पैसे घ्यायलाही थांबला नाही. मी धापा टाकत मागे. घोडी बांधली होती तिथे खुंटा होता, अर्धवट चघळलेला कडबा होता. घेणारा ट्रक भरून निघून गेला होता. कुठला, कोण, कुणाला माहीत नाही. रुमालाखाली नाव कोण विचारतं? तीन दिवस आम्ही बाजारभर विचारत फिरलो.

आठवड्यानं तो माझ्याकडे आला. पाचशेची एक नोट टेबलावर ठेवली.

"ताई, तुन्हं गणित बरोबर निंघनं."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. मी रडले, आणि तो मला पाणी द्यायला उठला.

त्यानंतर त्यानं कधी घोड्यावर पैसे लावले नाहीत. दुसरी घोडीही घेतली नाही. दावं गोठ्यात खुंटीला आहे. मी अजून रोज फोन करते. आता तो आधी स्वतःचं सांगतो, "जेवी लिधं, ताई." मग काही बोलत नाही, आणि फोन ठेवतही नाही.